मालकच नाही, तर पत्र कुणाचं आणू?

गेल्या अंकात आजारपणाच्या भत्त्याबद्दल एक छोटं उत्तर दिलं होतं. त्यानंतर आलेल्या पत्रांत नोकरदारांची पत्रं मोजकीच निघाली. बाकी सगळी स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्यांची. माझी नोकरीची बहुतेक वर्षं दावे तपासण्याच्या टेबलावर गेली. त्यामुळे ही पत्रं वाचताना कुठला रकाना रिकामा राहिला असेल आणि शिक्का कुठे अडला असेल, ते मला दिसत राहतं. त्यांतली चार निवडली आहेत. नियम देशागणिक बदलतात. जिथे एखाद्या देशाचा नियम सांगितला आहे तिथे त्या देशाचं नाव घेतलं आहे. तो आपल्यालाही लागू आहे असं धरून चालू नका.

प्रश्न : मी घरून भाषांतराचं काम करते. माझं बहुतेक उत्पन्न दोन एजन्सींकडून यायचं. एकीने मशीनकडून भाषांतर करून घ्यायला सुरुवात केली आणि हळूहळू काम पाठवणं बंद केलं. दुसरीचा 'सध्या काम नाही, असल्यास कळवू' असा मेल आला. बेरोजगार भत्त्यासाठी मी स्वतः हप्ते भरले आहेत, म्हणून अर्ज केला. कार्यालयाने कामावरून कमी केल्याचं पत्र मागितलं. मला कामावर कुणी ठेवलंच नव्हतं, तर कमी कोण करणार? आता म्हणतात, व्यवसाय बंद केल्याचा दाखला आणा. तो आणला आणि पुढच्या आठवड्यात एखादं काम आलं तर?
— एक भाषांतरकार

उत्तर : ताई, पत्र मागणाऱ्या त्या माणसाला तुम्ही खोटं बोलता असं वाटत असेल, असं नाही. त्याच्या समोरच्या अर्जात मालकाच्या नावाचा रकाना आहे आणि तो भरल्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. हा रकाना फार जुना आहे. १८८३ साली, बिस्मार्कच्या काळात जर्मनीत आजारपणाच्या विम्याचा कायदा झाला, तो मजुरीवर काम करणाऱ्यांसाठी. १९११ साली ब्रिटनने राष्ट्रीय विमा कायदा केला. त्यातला बेरोजगारीचा भाग तर ठरावीक उद्योगांतल्या कामगारांपुरताच होता. या साऱ्या रचनेत मालकाकडे तीन कामं होती: हप्त्यातला आपला वाटा भरायचा, शेवटच्या पगाराचा आकडा द्यायचा, आणि काम कोणत्या दिवशी व का थांबलं याची साक्ष द्यायची. तुमच्या बाबतीत ही तिन्ही कामं तुमच्याच अंगावर येतात. अर्जदार तुम्ही आणि साक्षीदारही तुम्हीच. पैसे देणारं कुठलंही कार्यालय अशा साक्षीपाशी थबकतं. हप्ता घेताना मात्र कुणी थबकलं नव्हतं, याचा मला आजही राग येतो.

पहिली गोष्ट. व्यवसाय बंद केल्याचा दाखला काढायला आज धावू नका. आधी कार्यालयाला लेखी विचारा: तुमच्या नियमांत स्वयंरोजगार 'संपला' असं कशावरून ठरतं? नोंदणी रद्द झाल्यावर, उत्पन्न ठरावीक पातळीखाली गेल्यावर, की काम प्रत्यक्ष थांबल्यावर? ही तीन वेगळी उत्तरं आहेत आणि प्रत्येकाला लागणारे कागद वेगळे. फ्रान्सने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतंत्र व्यावसायिकांसाठी भत्ता सुरू केला, महिना साधारण ८०० युरो, सहा महिने. पण त्याला अट होती ती धंदा न्यायालयाच्या कारवाईत जाण्याची. एक टेबल, एक खुर्ची आणि एक संगणक एवढाच जिचा धंदा, ती न्यायालयात कशाची कारवाई करणार? २०२२ साली ही अट सैल झाली. आता व्यवसाय चालण्याजोगा उरला नाही असं हिशेबतपासनिसासारख्या तज्ज्ञाने लिहून दिलं तरी चालतं, पण काम कायमचं आणि पूर्ण बंद करावं लागतंच. स्पेनमध्ये अशा विम्याचा हप्ता २०१९ पासून सक्तीचा आहे आणि तिथे आर्थिक कारण दाखवायचं तर वर्षाच्या उत्पन्नाच्या १० टक्क्यांहून जास्त तोटा हिशेबावरून सिद्ध करावा लागतो. फ्रान्समध्ये बंद केल्याशिवाय अर्ज नाही. आणि हिशेब लागतात तिथे नुसता बंदचा दाखला नेलात तर काउंटरवरून परत येता. म्हणून प्रश्न लेखी विचारायचा आणि उत्तरही लेखीच घ्यायचं. काउंटरवर तोंडी मिळालेलं उत्तर अपिलात उभं राहत नाही. नोंदणी रद्द न करता काही काळ स्थगित ठेवता येते का, हेही त्याच पत्रात विचारा. पुष्कळांना असा पर्याय असू शकतो हे ठाऊकच नसतं.

दुसरी गोष्ट, तुमची साक्ष. 'सध्या काम नाही' हा मेल म्हणजे तुमच्याकडचं कामावरून कमी केल्याचं पत्र आहे. तो तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा पत्ता दिसेल असा छापून घ्या. गप्प बसलेल्या एजन्सीला दाखला मागू नका. दाखला म्हटलं की लोक वकिलाला विचारतात आणि विषय महिनाभर लांबतो. साधा प्रश्न विचारा: 'अमुक तारखेच्या कामानंतर आपण मला नवीन काम दिलेलं नाही, माझी नोंद बरोबर आहे ना?' 'हो, बरोबर' एवढं एका ओळीचं उत्तर आलं तरी तुमच्याबाहेरचा साक्षीदार उभा राहिला.

मग एक तक्ता करा. महिना, एजन्सी, काम, बिलाची तारीख, बिलाची रक्कम, पैसे जमा झाल्याची तारीख. दोन वर्षं तरी मागे जा. ज्या महिन्यात काम आलं नाही तो महिनाही शून्य लिहून ठेवा, गाळू नका. उतार डोळ्यांना दिसला पाहिजे. यातल्या शेवटच्या दोन तारखांवर पुष्कळ दावे बुडालेले मी पाहिले आहेत. एजन्सी बिल दोन-दोन महिन्यांनी चुकवते. काम थांबलं, अर्ज केला, आणि त्यानंतर खात्यात रक्कम आली. तपासणाऱ्याला बँकेचं विवरण दिसतं. तो म्हणतो, ही बाई अजून कमावते आहे. प्रत्येक जमा रकमेसमोर तिचं जुनं बिल लावलेलं असेल तर हा आक्षेप तिथेच संपतो.

आणि पुढच्या आठवड्यात काम आलंच तर घ्या आणि कळवा. लपवू नका. किती रकमेपर्यंतचं काम चालतं, भत्त्यातून किती वजा होतं, हे नियमांत असतं. कळवलेलं छोटं काम दावा मारत नाही, लपवलेलं मारतं. वर दिलेले पैसे वसूल होतात आणि पुढच्या अर्जावर कायमची शंका बसते.

प्रश्न : मी इलेक्ट्रिशियन आहे. शिडीवरून पडून उजव्या मनगटाचं हाड मोडलं. आजारपणाच्या भत्त्याचा अर्ज 'अर्जदार अंशतः काम करू शकतो' म्हणून फेटाळला. डॉक्टरांनी दाखल्यावर 'जड काम टाळावे' एवढंच लिहिलं होतं. वर कार्यालय विचारतं, आजारी होता तर या काळात खात्यात पैसे कसे आले? काही जुन्या कामांचे होते. एक अर्धवट काम मात्र मी ओळखीच्या मुलाला पाठवून पुरं करून घेतलं, नाहीतर ग्राहक गेला असता. फोन उचलणं, अंदाज सांगणं हेही काम धरतात का?
— एका हाताने लिहिणारा वाचक

उत्तर : भाऊ, आधी मुदत बघा. फेटाळल्याच्या पत्रावर फेरविचाराची किंवा अपिलाची तारीख असते. बाकी कागद जमले नाहीत तरी 'मला हा निर्णय मान्य नाही, कागद मागाहून देतो' एवढं दोन ओळींचं पत्र त्या तारखेच्या आत पोचलं पाहिजे आणि त्याची पोच हातात असली पाहिजे. मुदत गेली की खरा दावाही मेला.

आता दाखला. डॉक्टरांनी लिहिलं ते वैद्यकीय दृष्टीने बरोबर असेल, पण तपासणाऱ्याला त्यातून तुमचं काम दिसत नाही. नोकरदाराचा मालक सांगतो की या माणसाचं काम असं असं आहे. तुमचं काम तुम्हालाच डॉक्टरांना सांगावं लागतं. पुन्हा जा आणि एका कागदावर लिहून न्या: शिडी चढणं, डोक्यावर हात धरून भिंतीत खाचा पाडणं, वायर ओढणं, स्क्रू पिळणं, चालू लाइनजवळ दोन्ही हातांनी काम करणं, साहित्याची पेटी उचलणं, गाडी चालवणं. यातलं काय शक्य नाही, कोणत्या तारखेपासून आणि अंदाजे कधीपर्यंत, तेवढं डॉक्टरांनी लिहावं. चालू लाइनजवळ एका हाताने काम करणं जिवावरचं आहे, हे वाक्य दाखल्यात असलं तर 'अंशतः काम' म्हणणाऱ्याला उत्तर द्यावं लागेल.

फोन आणि अंदाजाबद्दल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९५२ साली सामाजिक सुरक्षेचे किमान निकष ठरवणारा १०२ क्रमांकाचा करार केला. त्यात आजारपणाच्या भत्त्यासाठी दोन गोष्टी धरल्या आहेत: आजारामुळे कामाची अक्षमता आणि त्यामुळे थांबलेली कमाई. मला ही मांडणी न्याय्य वाटते, कारण ती कमाईकडे बघते. ग्राहकाचा फोन उचलून 'हात मोडलाय, महिनाभर येऊ शकत नाही' म्हणणं ही कमाई नव्हे. पण सगळ्या कार्यालयांना तसं वाटत नाही. म्हणून या काळात फोनवर काय केलंत ते खरंखरं लिहा: रोज साधारण किती वेळ, कशासाठी, त्यातून पैसे आले का. आपणहून लिहिलेलं आणि नंतर उघडकीला आलेलं, यांचं वजन कार्यालयात फार वेगळं असतं.

ओळखीच्या मुलाचं प्रकरण नाजूक आहे, पण हरण्यासारखं नाही. ग्राहकाने पैसे तुम्हाला दिले आणि तुम्ही मुलाला दिले. कार्यालयाला यातला पहिलाच व्यवहार दिसला. दुसरा दाखवा: त्याला किती दिले, कसे दिले, त्याची सही असलेली पावती. साहित्याचा खर्चही लावा. तुमच्या हाती काहीच उरलं नसेल तर तसं लिहा. थोडं उरलं असेल तर तोच आकडा लिहा. धंदा चालू ठेवणं आणि धंद्यात स्वतः राबणं या दोन गोष्टी आहेत. हा भेद नोकरदारांसाठी केलेल्या अर्जात मावत नाही, म्हणून तो वेगळ्या कागदावर मांडावा लागतो.

तुमच्या पत्रात अपघाताची तारीख आहे, पण अर्जाची नाही. ती महत्त्वाची, कारण सुरुवातीचे दिवस बहुधा भत्त्याविना जातात. वर सांगितलेल्या १०२ क्रमांकाच्या करारात आजारपणासाठी पहिले तीन दिवस वगळण्याची मुभा आहे. स्वयंरोजगाराच्या बाबतीत कित्येक देश याहून पुष्कळ लांब जातात. स्वीडनमध्ये व्यावसायिकाने हा काळ आधीच निवडायचा असतो: १, ७, १४, ३०, ६० किंवा ९० दिवस. काळ जितका मोठा तितका हप्ता कमी. काहीच निवडलं नाही तर ७ दिवस धरतात. जर्मनीत सरकारी आरोग्यविम्यातला व्यावसायिक थोडा जादा हप्ता भरून आजारपणाचा भत्ता घेऊ शकतो, पण तो मिळतो ४३व्या दिवसापासून. म्हणजे सहा आठवडे स्वतःच्या शिलकीवर. तुमच्या विम्यात हा आकडा किती आहे ते आजच काढून बघा. हाड जुळायला लागणारा काळ आणि हा प्रतीक्षेचा काळ शेजारी ठेवल्याशिवाय अपील किती रकमेचं आहे तेच कळणार नाही.

प्रश्न : माझं केस कापण्याचं छोटं काम आहे. विवरणपत्रात उत्पन्न आजवर कमीच दाखवलं, सगळेच दाखवतात. आता आजारी पडले तर भत्ता त्या कमी आकड्यावर बसवला. खरं उत्पन्न जास्त होतं हे सिद्ध करता येईल का?
— एक वाचक

उत्तर : नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. जास्त उत्पन्न सिद्ध केलंत तर कराचा आणि हप्त्याचा थकलेला फरक आधी दारात येईल. २०२० साली ब्रिटनने स्वयंरोजगार करणाऱ्यांना मदत दिली, ती विवरणपत्रांतल्या सरासरी नफ्याच्या ८० टक्के, तीन महिन्यांसाठी जास्तीत जास्त ७,५०० पौंड अशी सुरू झाली. ज्यांनी नफा कमी दाखवला होता त्यांची मदत आपोआप कमी झाली. ज्यांचा धंदा इतका नवा होता की विवरणपत्रच भरलेलं नव्हतं, ते पहिल्या फेरीत पूर्ण वगळले गेले. त्यांच्यावर मात्र खरा अन्याय झाला. अमेरिकेने त्याच वर्षी महामारीपुरता भत्ता काढला, त्यात आधी अर्जदाराच्या शब्दावर पैसे मिळत. वर्षअखेरीच्या कायद्याने कागद मागितले, आणि ज्यांनी काहीच जपून ठेवलं नव्हतं त्यांची धांदल उडाली.

तुम्ही एवढं करा: भत्ता कोणत्या वर्षांच्या उत्पन्नावर काढला ते विचारा. एखादं वाईट वर्ष धरलं असेल आणि नियमांत दोन-तीन वर्षांची सरासरी चालत असेल तर फरक पडतो. आणि या वर्षापासून खरा आकडा लिहा. हे मी कराच्या खात्याची बाजू घेऊन सांगत नाही, तुमच्या पुढच्या आजारपणासाठी सांगते आहे.

प्रश्न : आम्ही सहा-सात मैत्रिणी शिवणकाम करतो. आमच्यासारख्यांना लागू होईल असा विमा सापडत नाही. दर महिन्याला थोडे पैसे काढून आपापसांत फंड करावा असा विचार आहे. आजारपण आणि काम नसणं, दोन्हींसाठी. चालेल का? पैसे कुणाकडे ठेवावेत?
— मैत्रिणींच्या वतीने

उत्तर : विमा सापडत नाही म्हणता, तर एकदा तारखाही तपासा. स्वेच्छेच्या योजनांना दार असतं, पण ते थोडाच काळ उघडं असतं. जर्मनीत २००६ पासून व्यावसायिकांना बेरोजगारी विम्यात राहता येतं, मात्र धंदा सुरू केल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो आणि त्याआधी नोकरीतला विमा असावा लागतो. आणि एक योजना पाहून थांबू नका. शेजारशेजारच्या दोन देशांचं उदाहरण घ्या. आयर्लंडमध्ये व्यावसायिकाला त्याच्या वर्गणीवर २०१९ पासून बेरोजगार भत्ता मिळतो, आजारपणाचा नेहमीचा भत्ता मिळत नाही. ब्रिटनमध्ये नेमकं उलटं, वर्गणीवर आजारपणाचा आधार मिळतो, बेरोजगारीचा नाही. एक नाही म्हणजे दुसराही नसेल, असं समजून लोक अर्जच करत नाहीत.

आता फंड. कल्पना चांगली आहे आणि तिला मोठी परंपरा आहे. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी स्वयंरोजगारी स्त्रियांची 'सेवा' उभी केली तेव्हा नोंदणीला आक्षेप आला तो हाच, की या बायकांना मालक नाही, मग कामगार संघटना कसली? संघटना नोंदली गेली, आणि पुढे त्यांच्या बँकेपासून विम्यापर्यंत सगळं त्यातूनच निघालं.

तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचं उदाहरण नेदरलँड्समधलं. तिथे व्यावसायिकांचा सक्तीचा अपंगत्व विमा २००४ साली रद्द झाला आणि खासगी विमा अनेकांना परवडेना. २००६ पासून तिथे 'ब्रोडफॉन्ड्स' नावाचे गट उभे राहिले. एका गटात जास्तीत जास्त ५० माणसं, एकमेकांच्या ओळखीची. प्रत्येकजण दर महिन्याला ठरलेली रक्कम बाजूला टाकतो. कुणी आजारी पडून काम थांबलं तर बाकी सगळे त्याला थोडी थोडी रक्कम भेट देतात, जास्तीत जास्त दोन वर्षं. पैसे कुणाकडे ठेवायचे याचं उत्तरही त्यांच्याकडे आहे: प्रत्येकाची शिल्लक त्याच्या स्वतःच्या नावावरच राहते, गट सोडला तर ती त्याचीच. एका मैत्रिणीच्या खात्यात सगळ्यांचे पैसे ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. मैत्री आणि पैसे दोन्ही वाचतात.

पण सहा-सात माणसं फार कमी. दोघी एकदम आजारी पडल्या तर उरलेल्या चार-पाच जणींवर भार येईल. वीस-पंचवीस तरी जमवा, आणि सगळ्या शिवणकामातल्याच घेऊ नका.

काम नसण्यासाठी हा फंड वापरू नका. आजारपण एकेकाला गाठतं, त्यामुळे बाकीच्यांना त्याचा भार उचलता येतो. मंदी आली की एका धंद्यातल्या सगळ्यांचं काम एकदम जातं. ज्या महिन्यात सगळ्यांना पैसे हवेत त्याच महिन्यात कुणाकडे टाकायला पैसे नसतात. २०२० साली हे जगभर दिसलं, एकाच वेळी लाखो व्यावसायिकांचं काम थांबलं आणि तिथे सरकारांनाच पैसे ओतावे लागले. बेरोजगारीचा भार सरकारनेच पेलायचा असतो, म्हणून त्या योजनेत स्वयंरोजगारालाही घ्या ही मागणी आपण सोडता कामा नये. युरोपीय संघाच्या परिषदेने नोव्हेंबर २०१९ मध्ये सदस्य देशांना तशी शिफारस केली: आजारपणाचं आणि बेरोजगारीचंही संरक्षण व्यावसायिकांना निदान स्वेच्छेने, आणि योग्य असेल तिथे सक्तीने, मिळालं पाहिजे. शिफारशीला कायद्याचं बळ नसतं, पण मागणी करताना समोर ठेवायला लेखी आधार मिळतो.

फंडाचे नियम पहिला पैसा टाकण्याआधी लिहा. किती दिवसांनंतर मदत सुरू होणार, जास्तीत जास्त किती महिने, दाखला कुणाचा लागणार, जुन्या आजाराचं काय, बाळंतपण यात धरायचं की त्याची वेगळी सोय करायची, हप्ता थकला तर काय. दाखला तपासायला दोघींना नेमा आणि त्या दरवर्षी बदला, म्हणजे नकार देण्याचं ओझं एकीवर राहणार नाही. कच्चा मसुदा झाला की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. दाखल्याचं आणि प्रतीक्षेच्या काळाचं कलम मी वाचून, दुरुस्त करून परत पाठवेन.